मासा ऐकूलालाय!

इस्लापूरचे मामा अकरा महिने शेतकरी असतात. कापसाचं बियाणं, सोसायटीचं कर्ज आणि डीपीवर उडालेला फ्यूज यांत ते आपल्यासारखेच गांजलेले असतात. पण मे सरत आला, नांदेड-लातूर-पुण्याची भाचरं आणि जावई सुट्टीला येऊन पोचले, की पडवीच्या आढ्यावरून वेळूच्या काठ्या खाली उतरतात आणि फर्मान निघतं, "उद्या पहाटे चारला नदीवर. मरळ धरायची." पैनगंगेकाठी गावोगाव असा एक मामा असतो. फर्मान ऐकून मामी काही बोलत नाही. पिठल्यासाठी बेसन चाळून ठेवते.

पहाटेचे चार सकाळी साडेसातला वाजतात. तोवर गांडुळांची मोहीम चालते. मे महिन्यात काळ्या रानाला भेगा पडलेल्या. ओल काय ती न्हाणीच्या मोरीपाशी. तिथे भाचरं खणतात आणि मामीचा पुदिना धारातीर्थी पडतो. शिवाय मामांचं एक गुप्त आमिष असतं. कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर हिंग. ते मळताना मामा सगळ्यांकडे पाठ करून बसतात. जावईबापूंनी ऑनलाइन मागवलेला घडीचा रॉड मामा एकदा हातात घेतात, वाकवून बघतात आणि "भारी हाय" म्हणून परत देतात. त्या 'भारी'नंतर जावईबापू तो रॉड दिवसभर उघडत नाहीत.

वाटेत इतिहास होतो. पैनगंगेच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. निजामाच्या राज्यात इस्लापूरचा भाग आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यात होता. १ नोव्हेंबर १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो तिथून निघाला. मामांना हा इतिहास फार कामाला येतो. त्यांच्या आजोबांनी निजामाच्या काठावरून मांडीएवढी मरळ गळाला लावली होती, पण ती तंगूस तोडून वऱ्हाडात गेली. तिकडे इंग्रजांचा अंमल, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं. आता पलीकडच्या काठाला पुढे पैनगंगा अभयारण्य लागतं, म्हणजे तिथे गळ टाकायची सोयच नाही. मोठे मासे नेमके त्याच काठाला राहायला गेलेत, असं मामांचं निरीक्षण आहे.

पावसाळ्यात फोटोत न मावणारा सहस्रकुंडाचा धबधबा मेअखेरीस एखाद्या धारेवर येतो. कधी तीही नसते. उघड्या पडलेल्या काळ्या खडकांवर भाचरांना धावायचं असतं. इथे मात्र मामांचा आवाज बदलतो. खडक शेवाळलेले, कुंडं किती खोल त्याचा भरवसा नाही आणि वर इसापूर धरणातून कधी पाणी सुटलं तर नदी विचारून येत नाही. मामा सगळ्यांना मोजतात, खालच्या अंगाच्या उथळ डोहाशी नेतात आणि पुन्हा मोजतात. दिवसभरात त्यांचा अंदाज न चुकणारी ही एकच बाब.

डोहाशी पहिला नियम शांततेचा. "काय गलका करूलालाव रे, मासा ऐकूलालाय!" मामा हे अशा आवाजात सांगतात की पलीकडच्या काठावरच्या म्हशी उठून उभ्या राहतात. मग ते हळू आवाजात बोलू लागतात आणि थांबत नाहीत.

बोलतात ते खोटं नसतं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. बाकीचे मासे कासावीस होतात, पण मरळ वर येऊन थेट हवेतून श्वास घेते. पाण्याबाहेरही ती बराच वेळ तग धरते. डोह आटला तर चिखलात दडी मारते. पिल्लं झाली की नर-मादी त्यांच्यावर पहारा देतात. असं जोडपं मामा कधीच धरू देत नाहीत. पाण्यावर बुडबुडा फुटला की मामा बोट दाखवतात. "ती बगा, श्वास घेऊन गेली." मरळ कुठे होती हे मामांइतकं अचूक कुणी सांगू शकत नाही. अडचण एवढीच, की गळ ती कुठे आहे तिथे टाकावा लागतो.

नऊ वाजता ऊन कोवळं असतं, म्हणून मासा लागत नाही. दहाला ते कडक होतं, म्हणून लागत नाही. अकराला भाकरी, ठेचा आणि कांदा उघडला जातो, कारण माणसं जेवायला बसली की मासेही जेवतात. ते जेवतात, मामांची कणीक तेवढी शिल्लक राहत नाही. शेवटी जावईबापू धीर करून विचारतात, "मामा, मरळ आहे ना नक्की?" मामांकडे उत्तर तयार असतं. मृग लागला की हैदराबादेत बत्तिनी घराण्याचे लोक दमेकऱ्यांना जिवंत मरळीच्या पिल्लातून औषध गिळायला देतात. जावईबापू सांगू पाहतात की त्याला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. मामा हात वर करतात. "आधाराचं सोडा. मृग जवळ आला. मरळी हैदराबादला गेल्या."

एवढ्यात सगळ्यात धाकट्या भाचीच्या काठीला वीतभर चिलापी लागते. जल्लोष होतो. "म्या बसवलो होतो तिला तिथं," मामा म्हणतात.

परतताना भोयाच्या टोपलीपाशी रिक्षा थांबते. रोहू-कटला मूळचे गंगेकडचे, धरणांत बीज सोडल्यापासून आपल्याकडे रुळलेले. मामा त्यांना पाहुणे समजतात आणि पाहुण्याचे पैसे पाहुण्यानेच द्यावेत म्हणून जावयाकडे बघतात. घरी मामी पिशवी उघडते.

"नदीत आता खवलं काढून मिळूलालेत का मासे?"

मामा उत्तर देत नाहीत. पुढच्या मोसमाचं नियोजन सुरू झालेलं असतं. "जावईबापू, मेमध्ये पाणीच नसतंय बगा. तुम्ही श्रावणात या. नदी भरलेली, मासा चढणीला लागलेला, गांडुळं पायाखाली. काठी टाकायचा उशीर."

यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त श्रावणात मामा मासे खात नाहीत, आणि गळाला हातही लावत नाहीत.