पुष्ट वासरू

मोंटानातल्या ज्युडिथ बेसिन परगण्यात मार्च महिन्यात देवळात न येण्याला पवित्र शास्त्राचा आधार आहे. लूककृत शुभवर्तमान, अध्याय १४, वचन ५. कुणाचा बैल शब्बाथ दिवशी विहिरीत पडला तर तो त्याला लगेच वर काढणार नाही काय, असं येशूने शास्त्री-परूश्यांना विचारलं होतं. इथल्या रँचवाल्यांची शास्त्राची बाकीची वचनं कच्ची असतील, पण हे पाठ असतं. गाई व्यायला लागल्या की रविवारी निम्मी बाकं रिकामी. पुढच्या आठवड्यात भेट झाली की टोपी काढून म्हणायचं, ‘बैल विहिरीत पडला होता,’ आणि पाळकाने पुढे काही विचारायचं नाही. परगण्यात विहिरी किती आणि मार्चमध्ये त्यांत पडणारे बैल किती, याचा ताळा कुणी घेत नाही.

मला हे माहीत, कारण तिथली पाळक माझी लेक आहे आणि रँचवाला माझा जावई. नगरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली पोर तिकडे शिकायला गेली, दीक्षा घेतली आणि मेथडिस्टांच्या दोन मंडळ्या सांभाळत बसली. १८३१ साली अमेरिकन मिशनरी नगरला आले, त्याची ही परतफेड चाललीय असं आमचे हे म्हणतात. त्यांना असे जमाखर्च जुळवायची भारी हौस.

परगणा केवढा, तर माणसं उणीपुरी दोन हजार आणि गुरं मोजायला कुणी बसत नाही. अख्ख्या मोंटानातच माणसांपेक्षा गुरं दुप्पट. अशा मुलखात पाळकाला माणसं शोधत हिंडावं लागतं. १८७२ साली ब्रदर व्हॅन नावाचा उपदेशक आगबोटीतून फोर्ट बेंटनला उतरला आणि त्याने उपासना घेतली ती दारूच्या गुत्त्यात, असं इकडे कौतुकाने सांगतात. दुसरं कुठे माणसं जमलेली सापडणार? लेक गुत्त्यात जात नाही, गोठ्यात जाते. रविवारी न आलेल्यांच्या भेटी ती आठवडाभर तिथेच उरकते. कुणी कोपरापर्यंत हात गाईच्या पोटात घालून उभा असतो, ही कंदील धरते, आणि बायको गेल्यापासून घरात जेवण जात नाही हे तो त्या अवस्थेत सांगून टाकतो. दिवाणखान्यात कॉफीचा कप हातात देऊन विचारलं असतं तर हवामानापलीकडे एक शब्द निघाला नसता. तोंड गाईकडे असलं की माणसाला बोलायला सोपं जातं.

गाईचे दिवस सरासरी २८३. आपण बायकांना नऊ महिने नऊ दिवस म्हणतो, ते खरं तर गाईला चपखल बसतं. जूनमध्ये वळू सोडला की मार्चअखेर वासरं, आणि गवत हिरवं होईपर्यंत ती चरायला शिकलेली, असं हे गणित. गणितात बर्फ धरलेलं नाही. वसंत नावाची चीज इथे पंचांगात असते. प्रत्यक्षात चिनूक नावाचा गरम वारा येतो, एका दुपारीत बर्फ वितळवतो, सगळे कोट काढतात आणि दोन दिवसांनी पुन्हा वादळ. १८८६-८७च्या हिवाळ्यात याच भागात चार्ली रसेल नावाचा एक गुराखी होता. गुरं कशी आहेत, असं मालकाने पत्राने विचारलं, तेव्हा त्याने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर बर्फात उभी असलेली हाडं वर आलेलं एक गुरू आणि टपून बसलेले लांडगे रंगवून धाडले. पत्र लिहायची गरजच उरली नाही. त्या हिवाळ्यापासून लोक गवत कापून साठवायला शिकले आणि आभाळावर विश्वास ठेवायचं सोडलं. देवावरचा ठेवला, हे विशेष.

वादळात जन्मलेलं वासरू आधी कानांनी गारठतं. ते घरात आणावं लागतं, आणि घरात गरम पाणी जिथे असतं तिथे म्हणजे न्हाणीघरात. मी पहाटे टॉवेल खांद्यावर टाकून गेले तर टबात काळं अँगस वासरू मान टेकून बसलेलं, शेजारी जावई जमिनीवर बसून त्याच्या तोंडात बोट घालून बघतोय. तोंड आतून गार म्हणजे काळजी, कोमट म्हणजे आशा. ‘कोमट आहे,’ तो म्हणाला, आणि मला ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं विसरला. मी आंघोळीचा बेत मुकाट्याने दुपारवर ढकलला.

त्याच सकाळी फ्रीजरमध्ये आइस्क्रीमच्या शेजारी मला चिकाच्या पिशव्या दिसल्या. पिवळाजर्द, पहिल्या दिवसाचा चीक! वेलची आणि गूळ शोधायला मी कपाटं उघडलीसुद्धा. लेकीने मागून हात धरला. ‘आई, खरवस नाही. तो वासरांचा आहे.’ पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही तर वासराला रोगाशी लढायची ताकद येत नाही, आणि एक दिवस उलटला की मग पाजून फारसा उपयोग नाही. हे सगळं मला पटलं. तरी इतक्या गाई दारात आणि खरवसाचा एक तुकडा नाही, ही गोष्ट मी नगरला कुणाला सांगणार नाही.

एका गाईचं वासरू दगावलं होतं आणि दुसरीने जुळ्यांना जन्म देऊन एकालाच जवळ केलं होतं. जावयाने मेलेल्या वासराचं कातडं सोडवलं, पायांसाठी भोकं ठेवली आणि गवताच्या गाठोड्याची सुतळी घेऊन ते अंगरख्यासारखं त्या नकोशा पोराच्या पाठीवर बांधलं. गाईने आधी डोकं खाली करून फुसकारा टाकला. मग शेपटीशी हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि घशातल्या घशात हलकं हंबरून आडवी उभी राहिली. पोरगं सडाला लागलं. आपल्याकडे वासराच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढे ठेवत, दुधासाठी. तीच फसवणूक, पण इथे लबाडीच्या टोकाला एक जिवंत तोंड होतं.

पाहुणा उपदेशक इकडे आला की या कातड्यावर उपदेश करणारच. दुसऱ्याचं मरण पांघरून आपण स्वीकारले गेलो वगैरे. ऐकायला छान. फक्त रँचवाल्यांना माहीत असतं की दोन-तीन दिवसांत ते कातडं कुजायला लागतं आणि कापून फेकावं लागतं. तोवर गाईला आपल्या दुधाचा वास पोरात येऊ लागलेला असतो. आता तिसऱ्या दिवशी फेकलेल्या कातड्याचं उपदेशात काय करायचं? म्हणून लेक त्या वाटेला जात नाही. ती उत्पत्तीतल्या आंधळ्या इसहाकाकडे वळते. रिबकेने धाकट्याच्या हातांना करडांची कातडी बांधली, अंगावर थोरल्याचे कपडे घातले. आवाज याकोबाचा आहे हे म्हाताऱ्याने ओळखलं, पण कपड्यांचा वास घेतला आणि आशीर्वाद देऊन मोकळा झाला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘अगदी गाय!’ उपासनेत असं बोलायची पद्धत नाही, पण मार्चमध्ये लोकांची झोप झालेली नसते.

खरी पंचाईत झाली ती २०२५च्या ३० मार्चला. उपासकाळाचा चौथा रविवार आणि तीन वर्षांनी फिरून येणारा पाठ, उधळ्या पुत्राचा. गाई व्यायचा ऐन हंगाम आणि गोष्टीत वासरू कापायचं! जगभर या गोष्टीत लोक वाटणी उधळून परत आलेल्या धाकट्याबरोबर रडतात. इथे झाडून सगळे घरी राबणाऱ्या थोरल्याच्या बाजूचे. कारण घराघरात हीच कथा आहे. जमीन लाखमोलाची, हातात रोकड नाही, एक भाऊ रात्री दोन-दोन तासांनी उठून पहिलारू कालवडी बघतो, दुसरा सिअ‍ॅटलला जातो आणि बाप म्हातारा झाला की वाटणी मागतो. आमच्या नेवासे-शेवगावात वकिलांची घरं याच कथेवर उभी आहेत.

उपदेश लेकीने चांगला केला. बाप लांबून धावत आला तो क्षण तिने असा उभा केला की माझा पदर डोळ्यांपाशी गेला. नंतर तळघरात कॉफी आणि पाय. एक ऐंशीच्या घरातली बाई बशी घेऊन तिच्यासमोर बसली.

‘पास्टर, ते पुष्ट वासरू पुष्ट केलं कुणी?’

लेक म्हणाली, ‘चाकरांनी असेल.’

‘चाकर कापायला होते. खाऊ थोरला घालत होता. म्हणून तर तो शेतात होता. आणि त्याला न विचारता कापलं.’

शेजारच्या म्हाताऱ्याला वेगळीच शंका होती. कापलं त्याच दिवशी खाल्लं? गुरं कापली की मांस दोन आठवडे थंड जागी टांगून ठेवावं, तेव्हा ते मऊ पडतं. म्हणजे मेजवानी चिवट झाली असणार. यावर टेबलाभोवती बरीच चर्चा झाली. वासरू कोवळं असल्यामुळे चाललं असेल, असा निकाल बहुमताने लागला. थोरला शेवटी आत जेवायला गेला की नाही, हे लूकने लिहिलेलं नाही, आणि त्यावर मात्र कुणी काही बोललं नाही. त्या बाईने पायचा एक मोठा तुकडा कागदात गुंडाळला. सिअ‍ॅटलहून आलेला मुलगा घरी झोपलाय म्हणाली, भाऊ गोठ्यात आहे, दोघांना अर्धा-अर्धा देईन.

दुसऱ्या मंडळीकडे जाताना गाडीत लेक बराच वेळ गप्प होती. कच्चा रस्ता, चिखल काचेपर्यंत. मग म्हणाली, ‘पुढच्या रविवारी बेथानीची मरिया. जटामांसीचं सुगंधी तेल प्रभूच्या पायांना लावते आणि सगळं घर सुवासाने भरून जातं. सुवासातलं तरी यांना काही कळत नसेल.’

मागच्या सीटवर वासरू ओढायच्या साखळ्या, आयोडीनची बाटली आणि जावयाचे बूट होते. मी काही न बोलता माझ्या बाजूची काच खाली केली.