थोरल्या पातीचं रिझोल्यूशन

आमच्या कुलवृत्तांताचं काम मूळपुरुषापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कुणाचंही मन न दुखावता पार पडलं. त्यातलं कुणी हयात नाही, हे कारण असावं. भांडण पेटलं ते छापखान्यातून वंशवेलीची प्रुफं आल्यावर. थोरल्या पातीचा वेल ३.३ इंच रुंद, मधल्या पातीचा ५ इंच आणि धाकट्या पातीचा तब्बल ६.७ इंच. त्यात धाकटी पाती न्यू जर्सीत. डॉलर मोजून रुंदी वाढवून घेतली, असा सरळ अर्थ थोरल्या काकांनी काढला.

डीटीपीवाला मुलगा म्हणाला, “मी काहीच केलं नाही. तिन्ही इमेज आल्या तशा इंचाला तीनशे ठिपक्यांनी लावल्या. थोरल्यांची ओढून मोठी केली तर फाटते.” त्या धंद्यात चित्र फाटतं म्हणजे कडांना चौकोनी दात दिसायला लागतात. काकांनी मात्र एवढंच ऐकलं, की थोरली पाती फाटते.

मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा घरात एक समज आहे, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. तिन्ही घरांत वंशवेलीचा प्रोग्रॅम एकच, चौकटही एकच: हजार बाय आठशे पिक्सेल. वेगळं होतं ते पडद्याचं स्केलिंग. अक्षरं बारीक वाटली तर सेटिंगमध्ये जाऊन ती १२५ किंवा १५० टक्के करता येतात, ते. ही सोय निव्वळ डोळ्यांसाठी. आजीच्या चष्म्याचा नंबर वाढला म्हणून पुरणपोळीचा घेर वाढत नाही. चित्राचंही तसंच असायला हवं.

पण चौकटीतले हजार पिक्सेल हे मानलेले पिक्सेल. स्केलिंग १५० टक्के असलं की पडद्यावर प्रत्यक्षात १५०० बाय १२०० ठिपके रंगतात. आपण ‘एक्स्पोर्ट’ म्हटलं की प्रोग्रॅमनं वेल नव्यानं काढावा अशी अपेक्षा असते. आमचा प्रोग्रॅम आळशी. पडद्यासाठी जे रंगवलं तेच तो फाइलमध्ये ओततो.

आता पात्या बघा. थोरले काका ऐंशीच्या पुढचे, पण “अजून सुईत दोरा ओवतो” हे त्यांचं पालुपद. त्यांचा पडदा शंभर टक्क्यांवर. नाक टेकवून वाचतील, पण सेटिंगला हात लावणार नाहीत. मधल्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलेलं, म्हणून दीडशे टक्के. न्यू जर्सीतल्या चुलतभावानं काहीच बदललं नव्हतं, त्याचं भाग्य जन्मजात. त्याच्याकडे मॅकबुक. २०१२ साली मॅकबुक प्रोला रेटिना पडदा आला तो २८८० बाय १८०० ठिपक्यांचा, पण त्यावरचा संसार मांडलेला १४४० बाय ९००चा. म्हणजे उभं-आडवं सगळं दुप्पट. त्याच्या हजाराचे दोन हजार झाले. आता तिन्ही आकड्यांना तीनशेनं भागा, प्रुफांतले इंच मिळतात. नजर जितकी चांगली, तितकी पाती खुजी.

सगळे प्रोग्रॅम असे उदार नसतात. काही जुन्यांना स्केलिंग हा प्रकारच ठाऊक नाही. त्यांना विंडोज चक्क थाप मारतं: पडदा १९२० बाय १०८०चा आणि स्केलिंग १५० टक्के असेल, तर सांगतं की बाबांनो, पडदा १२८० बाय ७२०चा आहे. ते बिचारे तेवढंच रंगवतात, विंडोज ते ताणून पसरतं, आणि आपण चष्मा पुसत बसतो. तिथून पडदाभरचं चित्र बाहेर काढलं तर ते लहानच निघतं. तिथं मधले काका हरले असते.

पॉवरपॉइंटचा आणखी वेगळा पंथ. विंडोजवर त्याचा मूळ हिशेब इंचाला ९६ ठिपक्यांचा, म्हणून १३.३३ इंची स्लाइडचं चित्र १२८० पिक्सेलचं निघतं. रजिस्ट्रीत शिरून त्याला ३०० असं बजावलं, की तीच स्लाइड ४००० पिक्सेलची. बरं, ९६च का? छपाईत इंचाला ७२ पॉइंट, आणि १९८४च्या मॅकिंटॉशचा पडदाही ७२चाच. विंडोजवाल्यांनी विचार केला, की पडदा कागदापेक्षा डोळ्यांपासून लांब असतो, सबब एक तृतीयांश वाढवा. डोळ्यांची कीव करून आकडे फुगवायची चाल तशी जुनीच म्हणायची.

हे सगळं समजावून मी थोरल्या काकांना म्हटलं, “काका, तुमचा पडदा फक्त पाच मिनिटं दोनशे टक्के करू. एक्स्पोर्ट झालं की पुन्हा शंभर.”

“म्हणजे मला दिसत नाही, असं लिहून देऊ?”

“लिहून कुठं द्यायचंय? सेटिंग आहे ते.”

“तेच. मशीनमध्ये नोंद राहते.”

शेवटी तिन्ही घरांकडून पीडीएफ मागवली. तीत रेषा रेषाच राहते आणि अक्षर अक्षरच. ठिपक्यांत काही मोडत नाही, त्यामुळे कितीही ओढा, फाटत नाही. डीटीपीवाल्यानं तिन्ही वेल एका मापाचे लावून नवी प्रुफं दिली. मधले काका खूश. न्यू जर्सीहून अंगठा आला. थोरल्या काकांनी पट्टी मागवून मोजलं आणि चष्मा काढला.

“सगळे सारखे केलेत. मग थोरलेपणा राहिला कुठं?”

“किती टक्के ठेवू?” मुलानं माउसवर हात ठेवून विचारलं.

काकांनी जरा विचार केला. “एकशे दहा. डोळ्यावर येईल इतकं नको.”