ययाति सात, ययाती उणे दोन

कोल्हापुरातल्या आमच्या पुस्तकांच्या दुकानात पन्नास वर्षं एकच यंत्रणा चालली. तिचं नाव अण्णा. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, किती प्रती, कुणाकडे किती उधारी, सगळं तोंडपाठ. वीज गेली तरी चालू. फक्त दुपारी दीड ते साडेतीन अण्णा जेवून आडवे होत, तेवढा वेळ यंत्रणा बंद.

मग लॉकडाउनमध्ये पुतणीनं दुकानाची वेबसाइट काढली आणि घोळ सुरू झाला. एका पुस्तकाची शेवटची प्रत अण्णांनी गल्ल्यावर विकली आणि त्याच तासाभरात नागपूरच्या एका बाईंनी ती ऑनलाइन पैसे भरून घेतली. प्रत एक, धनी दोन. अण्णा चप्पल घालून समोरच्या दुकानात गेले, पूर्ण किमतीला पुस्तक आणलं आणि नागपूरला धाडलं. कुरियर धरून सत्तर रुपये अंगावर आले. रात्री जेवताना म्हणाले, "ते मशीन काय म्हणतात ते बघा आता."

"पीओएस, आजोबा," पुतणी म्हणाली.

"म्हणजे रेशन दुकानात अंगठा लावतात ते?"

तिथपासून समजवायला लागलं. हे अंगठ्याचं नव्हे, बिलाचं. दुकानात विकलं की वेबसाइटवरचा आकडाही आपोआप कमी व्हायचा. म्हणजे गल्ले दोन असले तरी शिल्लक एक.

यंत्र दाखवायला पहिला माणूस आला तो बिस्किटाचा पुडा घेऊनच. बारकोडवर लाल उजेड पाडला, 'टीं' झालं, पडद्यावर किंमत उमटली. अण्णांनी कौतुकानं पाहिलं आणि मागच्या फळीवरचं एक जुनं नाटक त्याच्या हातात दिलं. त्यानं उलटसुलट करून पाहिलं. बारकोड नव्हता. आयएसबीएनचे १३ आकडे २००७ पासूनचे, त्याआधी १० होते, आणि आमच्या निम्म्या जुन्या मालावर दोन्ही नाहीत. "स्टिकर छापून लावायचे, काका," तो म्हणाला. किती, ते मात्र त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्याचं सॉफ्टवेअर मूळचं औषधांच्या दुकानाचं. त्यात 'एक्सपायरी डेट' भरल्याशिवाय पुढं सरकताच येईना. समोर ज्ञानेश्वरी होती. अण्णा म्हणाले, "सव्वासातशे वर्षं झाली. अजून तरी वास आलेला नाही. काय तारीख घालता घाला."

त्याच्या प्रिंटरनं बिल काढलं, तर पुस्तकाच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. या छोट्या प्रिंटरांपैकी बहुतेकांच्या पोटात देवनागरी अक्षरं नसतात, मजकूर चित्र करून पाठवावा लागतो, हे ज्ञान त्या दिवशी झालं. शिवाय तो उष्णतेवर चालणारा कागद. मार्चअखेरीला तालुक्याची ग्रंथालयं अनुदानाची खरेदी करायला येतात, त्यांना सही-शिक्क्याचं मोठं बिल लागतं. हिशेबतपासणीपर्यंत कोरा होणारा कागद त्यांच्या काय कामाचा? आणि एकाच बिलात पुस्तकावर जीएसटी शून्य, सोबतच्या बॉलपेनवर १८ टक्के, हेही नीट लागायला हवं.

या काळात माझं वाचन वाढलं. पहिलं गल्ल्याचं यंत्र १८७९ साली अमेरिकेत डेटन गावच्या जेम्स रिटी नावाच्या गुत्तेवाल्यानं केलं. नोकर गल्ला मारत होते म्हणून. जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र बघून त्याला ते सुचलं. मी हे अण्णांना रंगवून सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याकडं गल्ला मारणारा एकच होता, आणि शुक्रवारी तो कुठल्या थेटरात बसायचा तेही मला ठाऊक होतं." मी विषय बदलला.

तिसरा माणूस फारसं बोलला नाही. अण्णांनी विचारलं, "नेट गेलं तर?" त्यानं उठून नेटची वायर उपटली, बिल करून दाखवलं, वायर परत खोचली आणि पुतणीच्या फोनवर वेबसाइट उघडून कमी झालेला आकडा दाखवला. नाव मराठीत उमटलं, मोठ्या कागदावरही निघालं. महिन्याचं भाडं थोडं जास्त होतं. अण्णा म्हणाले, "ह्याला चहा सांगा." आमच्याकडे सौदा असा ठरतो.

खरी गंमत पुढंच. पुतणी फळीवरची पुस्तकं बघून नावं भरत गेली आणि तिचा भाऊ वेबसाइटवरची जुनी यादी ओतत गेला. महिन्यानं अहवाल काढला तर 'ययाति' शिल्लक सात, 'ययाती' शिल्लक उणे दोन. खांडेकरांनी १९५९ साली ऱ्हस्व लिहिलं, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ केली, आणि यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी पुस्तकं झाली. खांडेकर ज्या गावात राहिले, त्याच गावात ही तऱ्हा! 'मृत्युंजय' तर तीन प्रकारे भरलेलं निघालं.

अण्णांनी चष्मा वर केला. "उणे दोन पुस्तकं कुठल्या फळीवर ठेवलीस ग?"

आता प्रत्येक पुस्तकाला नावाऐवजी क्रमांक देऊन तो घोळ निस्तरतो आहोत. यंत्र घेणाऱ्या इतर दुकानदारांना माझं एवढंच सांगणं आहे की आधी यादी साफ करा, मग विक्रेत्याला बोलवा. आम्ही उलटं केलं. भाडं चालू आहे आणि साडेचारशे नावं अजून तपासायची आहेत. आणि वाचकहो, तोवर आमच्या वेबसाइटवर एखादं पुस्तक 'संपले' दिसलं तर एकदा ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहा. तरीही नाही मिळालं तर दुकानात फोन करा, अण्णा सांगतील. फक्त दीड ते साडेतीन सोडून.