गिझरचे दिवाणजी

कुंभकोणमच्या मराठी घरांनी एकेकाळी हिंदुस्थानातल्या संस्थानांना दिवाण पुरवले. सर टी. माधवराव १८२८ साली इथलेच जन्मलेले; त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन गाद्यांचा कारभार त्यांनी एकामागून एक हाकला. त्यांच्याच कुळातले रघुनाथरावही इंदूरचे दिवाण झाले. पुढे संस्थानं विलीन झाली. पण कारभाराची हौस काही सरकारजमा झाली नाही. ती आज न्हाणीघरात नांदते. घरात तंजावरी मराठी, बाजारात तमिळ आणि मोबाइलशी इंग्रजी बोलणारे निवृत्त राव तिथे भिंतीवर टांगलेल्या १५ लिटरच्या संस्थानाचे दिवाण असतात. गिझरला कोणता स्मार्ट कंट्रोलर बसवावा हा खल जुलैत, तमिळ आडी महिन्यात, सुरू होतो आणि डिसेंबरात मार्गळी उजाडली तरी संपत नाही. माझं म्हणणं असं, की या दिवाणजींना ना गरम पाण्याची ओढ असते, ना वीज वाचवायची तळमळ. त्यांना हवा असतो कारभार.

हिशेबच मांडून पाहू. पंचवीस अंशांचं १५ लिटर पाणी चाळिसावर न्यायला पाव युनिटाहून किंचित जास्त वीज लागते. २ किलोवॅटची कॉइल ते काम आठ मिनिटांत उरकते. म्हणजे दोन माणसांचं दोन महिन्यांचं न्हाणं तीस-बत्तीस युनिटांत आटोपतं, आणि तमिळनाडूत २०१६ पासून घरगुती ग्राहकाला दर दोन महिन्यांना पहिली १०० युनिटं फुकट आहेत. बरं, पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट गिझरच्या पोटात कारखान्यातूनच येतो. मे महिन्यात तर दुपारी गच्चीवरच्या टाकीतूनच चटका देणारं पाणी येतं. हे सगळं दिवाणजींना पाठ असतं, हीच तर गंमत. त्यांच्या वहीत पट्टीनं आखलेले रकाने असतात: १० अँपिअर की १६, वायफाय की ब्लूटूथ, वीज जाऊन आल्यावर वेळापत्रक लक्षात राहतं की पुसलं जातं. शेवटचा रकाना ‘शेरा’. ज्याला गरम पाणी हवं असतं तो बटण दाबतो. शेऱ्याचा रकाना आखतो तो राज्यकर्ता.

या हौसेला परदेशातून खतपाणी मिळतं. इंग्लंडातल्या मुलाच्या घरी बॉयलर असतो आणि त्याला शिकाऊ थर्मोस्टॅट. २०११ साली नेस्ट बाजारात आल्यापासून ही यंत्रं घरच्यांच्या सवयी पाहून आपापलं वेळापत्रक बसवतात. पण तिथला बॉयलर अख्खं घर ऊबदार ठेवतो. त्याला अक्कल असली तर पैसे वाचतात. कुंभकोणमात घर तापवायचं काम सूर्य बारा महिने बिनपगारी करतो. इथे बॉयलर म्हणजे तांब्याचा, मधून धुराडं गेलेला, आपण ज्याला बंब म्हणतो तो. त्याचं नियंत्रण एका वाक्यात सांगता येई: लाकूड आत सारलं की तापतो, मागे ओढलं की निवतो. मुलगा एका बॉयलरबद्दल सांगतो, वडील दुसऱ्याबद्दल ऐकतात आणि दोघांचं झकास जमतं.

यावर कोणी म्हणेल, घरात म्हातारी माणसं आहेत, गिझर चालू राहून गेला तर? आक्षेप रास्त आहे. विसरभोळ्या घरात नुसत्या थर्मोस्टॅटवर न विसंबता गिझर आपोआप पुरता बंद करणारं काहीतरी हवंच. पण त्याला साधा टायमर पुरतो. तो फोनवर येत नाही, म्हणून वहीतही येत नाही. दुसरा आक्षेप वेळापत्रकाचा: पुरुषांचं तेलस्नान बुधवारी-शनिवारी, बायकांचं मंगळवारी-शुक्रवारी, हे यंत्रावर सोपवलेलं काय वाईट? वाईट काहीच नाही. मात्र ज्या गावात गुरू सिंहेत आणि चंद्र मघेत आला की बारा वर्षांनी महामहम तळ्यावर लाखो माणसं ठरल्या दिवशी न्हायला हजर होतात, तिथे शनिवार लक्षात ठेवायला यंत्र हवं, हे पटवून घेणं अवघड आहे. तिसरा आक्षेप खुद्द दिवाणजींचा आणि सर्वांत प्रामाणिक: ‘असू दे की, मला आवडतं!’ यावर माझ्यापाशी उत्तर नाही. माझा मुद्दाच त्यांनी कबूल केला.

एकदाचा कंट्रोलर बसतो. शनिवारी पहाटे पाच वाजता गिझर आपसूक चालू होतो, पाणी साठ अंशांना पोचतं, उशाशी फोन टिंग वाजतो. दिवाणजी डोक्याला तिळाचं तेल थापून बादलीपाशी बसतात, बोट बुडवतात, ‘अयो!’ म्हणून झटकतात आणि गार पाण्याचा एक तांब्या ओततात. मग दुसरा. मग पुन्हा बोट.