रक्तातलं कळणारा कोण होता?

२०१४ साली थेरॅनोस या अमेरिकी कंपनीची किंमत ९ अब्ज डॉलर धरली जात होती. बोटाला टोचायचं, दोन-चार थेंब घ्यायचे आणि त्यातून ढीगभर तपासण्या करायच्या, हा तिचा दावा. आता तिच्या संचालक मंडळावर बाहेरून आणलेली माणसं पाहा. जॉर्ज शुल्ट्झ आणि हेन्री किसिंजर, माजी परराष्ट्रमंत्री, दोघेही नव्वदीपार. विल्यम पेरी, माजी संरक्षणमंत्री. सॅम नन, माजी सिनेटर. गॅरी रफहेड, निवृत्त ॲडमिरल. जेम्स मॅटिस, निवृत्त जनरल. रिचर्ड कोवासेविच, वेल्स फार्गो बँकेचे माजी प्रमुख.

डॉक्टर अगदीच नव्हते असं नाही. बिल फ्रिस्ट हृदय-प्रत्यारोपण करणारे सर्जन. पुढे राजकारणात गेले आणि सिनेटमध्ये बहुमताचे नेते झाले. विल्यम फेगी साथरोगतज्ज्ञ; देवीच्या निर्मूलनात, भारतातल्या मोहिमेतही, त्यांचं काम फार मोठं. दोघांच्या कर्तबगारीबद्दल वाद नाही. पण पॅथॉलॉजीची लॅब चालवण्यात आयुष्य घालवलेला एकही माणूस या यादीत नव्हता. कंपनी विकत होती रक्ताचा रिपोर्ट, आणि तो बरोबर की चूक हे सांगणाऱ्याला मंडळावर खुर्चीच नव्हती.

असती तर काय झालं असतं? एक पोटॅशियम घेऊ. रक्तात त्याचं प्रमाण साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर. ते फार चढलं किंवा उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून डॉक्टर हा आकडा डोळ्यांत तेल घालून बघतात. बोट दाबून रक्त काढताना तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि आकडा फुगतो. त्यात थेंब इतका लहान, की नेहमीच्या यंत्रावर चालवायचा तर आधी पातळ करावा लागतो. पातळ केलं की चुकीला आणखी वाव. थेरॅनोस गुपचूप हेच करत होती. स्वतःचं यंत्र मोजक्याच तपासण्यांपुरतं, बाकी काम सीमेन्सच्या यंत्रांवर.

मुरलेला पॅथॉलॉजिस्ट पहिल्याच बैठकीत म्हणाला असता : एकाच पेशंटचं शिरेतलं रक्त नेहमीच्या यंत्रावर लावा, बोटातलं तुमच्या यंत्रावर लावा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. शंभर पेशंटचे मांडा. एवढ्या एका मागणीपुढे सगळा डोलारा कोसळला असता. ही मागणी सुचायला लॅबमध्ये उभं राहिलेलं असावं लागतं. परराष्ट्र खातं चालवून ती सुचत नाही.

केवळ जाणकार असूनही भागत नाही, हेही याच कंपनीनं दाखवलं. ॲपलमधून आलेले एव्ही टेव्हेनियन सुरुवातीच्या काळात संचालक होते. करार कुठे आहेत, यंत्राला उशीर का, असं विचारत राहिले. २००७ मध्ये त्यांनाच बाहेर जावं लागलं. शुल्ट्झ यांचा नातू टायलर याच कंपनीत नोकरीला होता. आकडे जुळत नाहीत, हे त्यानं २०१४ मध्ये आजोबांना घरी जाऊन सांगितलं. आजोबांनी विश्वास ठेवला तो कंपनीच्या संस्थापिकेवर, एलिझाबेथ होम्सवर. कंपनीतले जवळजवळ सगळे मताधिकार तिच्याच हातात होते. अशा कंपनीच्या मंडळावर बसणाऱ्याला मराठीत चपखल शब्द आहे : सह्याजीराव.

भोगलं कोणी? ॲरिझोनातल्या एका बाईला थेरॅनोसच्या रिपोर्टवरून गर्भ टिकत नसल्याचं सांगण्यात आलं. गर्भ व्यवस्थित होता, पुढे बाळही झालं. तिनं हे कोर्टात सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये ज्युरीनं होम्सला दोषी धरलं ते गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल. पेशंटना फसवल्याच्या आरोपांतून ती सुटली. शिक्षा सव्वा अकरा वर्षांची. बाहेरच्या एकाही संचालकावर फौजदारी खटला झाला नाही. त्यांच्या नावांवर भरवसा ठेवून पैसे घालणारे होते, रक्त देणारेही होते. त्या भरवशाची जबाबदारी मात्र कोणावरच पडली नाही.

असंच चालतं, असं म्हणणाऱ्यांनी त्याच अमेरिकेतली रीजेनेरॉन पाहावी. रक्तातलं कोलेस्टेरॉल पेशी कशा उचलतात हे शोधून १९८५ चं नोबेल मिळवणारे मायकल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन, दोघेही या कंपनीच्या मंडळावर अनेक वर्षं होते. मर्कसारखी औषध कंपनी चालवलेले रॉय व्हॅजेलोस अध्यक्ष होते. २०१५ मध्ये कोलेस्टेरॉल उतरवणारं तिचं इंजेक्शन बाजारात आलं. त्या विषयातलं अर्धकच्चं सादरीकरण या मंडळासमोर करायची कोणाची छाती झाली असती?

आता आपल्याकडे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत, आणि त्यांना कामाशी संबंधित ज्ञान व अनुभव हवा. तो आहे हे ठरवायचं कोणी? 'मंडळाच्या मते', असं कायदाच म्हणतो. म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांनीच नजर ठेवणाऱ्याची लायकी ठरवायची. सेबीनं पुढे कोणत्या संचालकाकडे कोणतं कौशल्य आहे याचा तक्ता वार्षिक अहवालात सक्तीचा केला. चांगलं केलं. पण 'नेतृत्व', 'रणनीती', 'सुशासन' अशा खान्यांत कोणाच्याही नावापुढे खूण करता येते. निवृत्त सनदी अधिकारी, बँकर, सीए यांची मंडळाला गरज आहेच. हिशेब आणि कायदा त्यांनीच बघायचा. लसीच्या चाचणीचे आकडे मात्र त्यांना वाचता येणार नाहीत, आणि तशी अपेक्षा करणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. औषध, लस किंवा तपासणी विकणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीत त्याच विज्ञानात हात घातलेला किमान एक बाहेरचा संचालक सक्तीचा करा. तक्त्यात खुणेऐवजी एक वाक्य छापा : या माणसानं कोणत्या लॅबमध्ये, कोणतं काम, किती वर्षं केलं. त्याला तडकाफडकी जावं लागलं तर त्यानं शेवटी कोणता प्रश्न विचारला होता, तेही छापा. आणि तुमच्याकडे अशा कंपनीचे शेअर असतील, तर नफ्याच्या पानाआधी संचालकांचं पान उघडा. तिथे विज्ञानातलं एकही माणूस दिसलं नाही, तर भागधारकांच्या सभेत उठून कारण विचारा. तो तुमचा हक्क आहे.