भोंग्याची भाषा

बेळगावजवळच्या हलग्यात डिसेंबर 2024 पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो. नऊपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद, पोरांनी अभ्यासाला बसायचं. कल्पना सांगली जिल्ह्यातली; मोहित्यांच्या वडगावात 2022 पासूनच असा भोंगा वाजतो. आमच्या सीमाभागात पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून डोकी फुटतात. भोंगा ना मराठी ना कन्नड, म्हणून हुकूम सगळ्यांना एकदम कळतो.

अडचण एवढीच, की पोराचा गृहपाठ येतो व्हॉट्सअ‍ॅपवर. तो बघायला बाप मोबाइल हातात घेतो आणि रील संपेपर्यंत खाली ठेवत नाही. (शेजारच्या घरचं सांगतोय. आमच्याकडं तसलं काही नसतं.)

याच हलग्याच्या शिवारात कर्नाटक विधिमंडळाचं सुवर्ण विधानसौध उभं आहे. ते खुलं व्हायच्या आठ महिने आधी, फेब्रुवारी 2012 मध्ये, बंगळुरूच्या सभागृहात मोबाइलवर नको ती चित्रफीत पाहिल्याच्या प्रकरणात तीन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले होते. शाळकरी पोरांच्या आधी भोंग्याची गरज कुणाला होती, ते तेव्हाच दिसलं. हलग्याचा भोंगा सौधापर्यंत ऐकू जातही असेल. पण अधिवेशन बहुधा सातच्या आत उठतं.