तोवर मिगवर शिका

८ ऑक्टोबर २०१९, दसरा. फ्रान्समध्ये पहिलं राफेल ताब्यात घेताना त्याच्यावर ॐ काढला, चाकांखाली लिंबं ठेवली. वाहिन्यांनी ती लिंबं दिवसभर दाखवली. आता सांगा, ज्या विमानावर हवाई दलातलं पोर पहिल्यांदा उडायला शिकतं, त्याच्या चाकाखाली कुणी लिंबू ठेवल्याचं ऐकलंय?

दृष्ट लागायला आधी कुणी बघावं लागतं.

शिकाऊ विमान बॉम्ब टाकत नाही, शत्रूच्या उरात धडकी भरवत नाही, निवडणुकीच्या पोस्टरवर शोभत नाही. त्याचं काम एकच. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला चुका करू द्यायच्या आणि संध्याकाळी त्याला जेवायला मेसमध्ये परत आणायचं. एवढ्याशा गोष्टीसाठी कोट्यवधी रुपये? फाइल ठेवा बाजूला.

ठेवलीच. हवाई दलाला प्रगत जेट ट्रेनर हवं, असं ला फाँतेन समितीने १९८२ साली सांगितलं. ब्रिटिश ‘हॉक’चा करार झाला २००४ला. विमानं बीदरला रुजू झाली २००८ला. म्हणजे समितीच्या वर्षी जन्मलेलं बाळ दरम्यान शाळा शिकलं, एनडीएत गेलं, वैमानिक झालं.

कशावर शिकून? मिग-२१वर.

इथे जरा थांबायला हवं, कारण हा प्रकार भलताच आहे. ‘किरण’ या जेटमध्ये मास्तर शेजारी बसतो. पोराचा हात कुठे, नजर कुठे, कपाळावर घाम किती, सगळं त्याला दिसतं. किरण ताशी सातशे किलोमीटरही गाठत नाही. त्यावरून उतरलेल्या मुलाला एकदम आवाजाच्या दुप्पट वेगाच्या मिगमध्ये बसवायचं. पातळ, त्रिकोणी पंख; जमिनीला टेकतानाही वेग ताशी तीनशेच्या घरात. त्यासाठी आसामात तेजपूरला खास युनिटच काढलं होतं. दोन आसनांचं मिग होतं म्हणा, मास्तरची सोय केलेली होती. मागच्या आसनावर. समोरचं दिसेना, म्हणून उतरताना त्याला पेरिस्कोप दिलेला.

ज्या मास्तरला धावपट्टी आरशातून बघावी लागते, त्याने पोराचा हात कधी बघावा?

पोरं गेली. मग आपण विमानाला नाव ठेवून मोकळे झालो. ‘उडती शवपेटी’. मिगमध्ये दोष नव्हते असं कोण म्हणतं? पण ते उंचावरच्या शत्रूला गाठायला बनवलेलं विमान होतं. त्याची वर्गखोली कुणी केली, हे विचारलं की सगळे वर आकाशाकडे बघायचे. २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला मिग-२१ समारंभाने निवृत्त झालं. कौतुक झालं, डोळे पाणावले. समितीच्या १९८२च्या अहवालाला मात्र निरोप समारंभ नाही.

चांगलं शिकाऊ विमान म्हणजे काय, हे काही गूढ नाही. पंखांवरची हवा सुटायला लागली की त्याने आधी थरथरून सांगावं. मुद्दाम गिरकीत घातलं तर गिरकीत जावं, आणि बाहेर काढलं की निमूट बाहेर यावं. इंजिन बंद पडलं तर दगडासारखं पडू नये, तरंगत शेत गाठावं. तासाचा खर्च परवडावा, म्हणजे पोराला भरपूर तास मिळतील. आणि सगळंच फसलं तर बाहेर फेकणारी खुर्ची असावी.

बरं, फार गुणी असूनही चालत नाही. फार गुणी विमान पोराच्या चुका पोटात घालतं. पुढचं विमान त्या व्याजासकट वसूल करतं.

या यादीत ‘एचपीटी-३२ दीपक’ कुठे बसत होतं? आपलंच, पिस्टन इंजिनाचं, १९८०च्या दशकात सेवेत आलेलं. उडता उडता इंजिन बंद पडायची त्याला खोड. तरंगण्याच्या बाबतीत आनंद. फेकणारी खुर्ची नाही. १७ अपघात, १९ जीव. जुलै २००९मध्ये दोन प्रशिक्षक गेले, म्हणजे शिकवणारेच गेले, तेव्हा कुठे ते जमिनीवर बसवलं. मग उपाय काय निघाला? अख्ख्या विमानालाच पॅराशूट बांधायचं.

इंजिन बंद पडतं ना? छत्री घ्या!

छत्रीचं काही जमलं नाही. पुढची चार वर्षं पहिलीच्या वर्गाला पुस्तकच नव्हतं. पोरं थेट किरणवर, म्हणजे जेटवर. आणि किरण कुठून आणायची? बीदरच्या ‘सूर्यकिरण’ पथकाकडे होती. १९९६पासून लोक माना वर करकरून त्यांच्या कसरती बघत होते. २०११ला पथकच बंद केलं आणि रंगवलेली विमानं वर्गावर हजर झाली. कसरती पुन्हा सुरू झाल्या त्या हॉक हाती आल्यावर.

२०१२ला स्विस ‘पिलाटस पीसी-७’चा करार, ७५ विमानांचा. २०१३ला डुंडिगलच्या अकादमीत ती आलीसुद्धा. अपघातापासून चार वर्षांत! आपल्या हिशेबात याला घिसाडघाई म्हणतात. विमान उत्तम निघालं. टर्बोप्रॉप इंजिन, मागे-पुढे आसनं, फेकणाऱ्या खुर्च्या. पोरं खूश, मास्तर खूश.

एवढं सुख कुणाला बघवतं?

हवाई दल म्हणे आणखी पिलाटस द्या. हिंदुस्थान एरोनॉटिक्स (एचएएल) म्हणे आमचं ‘एचटीटी-४०’ घ्या. हवाई दल म्हणे ते महाग पडेल. एचएएलने मग पदरचे पैसे घालून विमान उभं केलं. २०१६च्या मे महिन्यात ते उडालं, जूनमध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी बंगळुरूत त्याचं उड्डाण पाहिलं. चला, निकाल लागला, असं वाटलं ना? ७० विमानांचा करार झाला मार्च २०२३मध्ये, ६,८०० कोटींच्या वरचा. मधल्या काळात जास्तीच्या ३८ पिलाटसचा प्रस्तावही लटकला, आणि २०१९ला त्या कंपनीशी व्यवहारच थांबवला. आरोप? लाचेचे. यात दचकण्यासारखं काय आहे!

आपल्याला जमत नाही म्हणावं, तर तेही खोटं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आले. त्यांच्या चमूचं ‘एचटी-२’ ऑगस्ट १९५१मध्ये उडालं. देश चार वर्षांचा, संगणकाचा पत्ता नाही. हवाई दलाच्या पिढ्या त्यावर शिकल्या. घानाने विकत घेतलं. किरणचा आराखडाही घाटग्यांच्याच अमलात सुरू झाला.

आता किरणच्या जागी येणाऱ्या ‘सितारा’ची कथा ऐका. मंजुरी १९९९, पहिलं उड्डाण मार्च २००३. झकास सुरुवात. मग इंजिन बदललं, फ्रेंच काढून रशियन बसवलं. २००७च्या बंगळुरूच्या एअर शोमध्ये उड्डाण घेतानाच काचेचं झाकण उघडलं, तेही पाहुण्यांसमोर. आणि खरं दुखणं म्हणजे गिरकी. गिरकी शिकवण्याचं विमान गिरकीतच बिघडायला लागलं. दुरुस्तीत वर्षांमागून वर्षं गेली. अखेर फेब्रुवारी २०२५च्या शोमध्ये मोठी घोषणा झाली.

विमानाचं नाव बदललं. आता ते ‘यशस’.

अमेरिकेकडे बघून समाधान मानायचं असेल तर माना. त्यांचं ‘टी-३८’ १९५९ला पहिल्यांदा उडालं आणि पोरं अजून त्यावर शिकतात. त्याच्या जागी येणाऱ्या ‘टी-७’चा करार २०१८ला बोइंगशी झाला, आणि तेही रखडलंच. पण रखडलेल्या काळात त्यांच्या पोरांच्या हाती टी-३८ होतं, शिकवायलाच बनवलेलं. आपल्या पोरांच्या हाती काय होतं, ते वर आलंच आहे.

आता नाशिककरांनी कॉलर ताठ करावी अशी बातमी. ऑक्टोबर २०२५मध्ये ओझरला एचटीटी-४०ची दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली. ‘तेजस’ या लढाऊ विमानाचीही एक झाली, मथळे अर्थातच तेजसला. हवाई दलाला पहिलं एचटीटी-४० सप्टेंबरमध्ये मिळायचं होतं. उत्पादन मालिकेतलं पहिलं विमान बंगळुरूत नुसतं उडालं तेच ऑक्टोबर सरता सरता. जागा तयार, साचे तयार, कामगार तयार. मग अडलं कशाशी?

इंजिनाशी. ते हनीवेलकडून यायचं असतं, अमेरिकेहून.

आणि एचटीटी-४०नंतरच्या, दुसऱ्या टप्प्याचं जेट? त्याची चिंता कशाला, किरण आहे की. पहिलं उड्डाण सप्टेंबर १९६४.